कोंडी कोणाची मोजायची?

दरवर्षी जानेवारीच्या सुमारास एक बातमी ठरल्यासारखी येते. टॉमटॉम ही अ‍ॅमस्टरडॅमची कंपनी वाहनचालकांना रस्ता दाखवणारे नकाशे बनवते. तिचा वाहतूक निर्देशांक जाहीर होतो आणि जगातल्या रखडलेल्या शहरांत आपण कितवे, याची चर्चा सुरू होते. २०२४ च्या यादीत कोलकाता दुसरे, बंगळुरू तिसरे आणि पुणे चौथे होते. पुण्यात १० किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद लागतात, असा तो हिशेब. पुणेकरांनी नेहमीप्रमाणे त्यातही थोडा अभिमान शोधला. पण त्या यादीत पुण्याच्या लगेच खाली, अवघ्या पाच सेकंदांच्या फरकाने, पाचवे शहर लंडन होते, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. लंडनमध्ये भुयारी रेल्वे १८६३ पासून धावते. शहराच्या मध्यभागात सकाळी कामाला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण रेल्वेने, भुयारी रेल्वेने किंवा बसने येतात. मोटार घेऊन येणारे मोजके. पुण्यात निम्मे शहर दुचाकीवर जगते आणि बसची वाट पाहणे हा नाइलाज मानला जातो. या दोन शहरांत कामावर जाण्याचा अनुभव पाच सेकंदांनी वेगळा आहे असे कोणीही म्हणणार नाही. तरीही ती यादीत शेजारी बसतात, कारण यादी शहराचा प्रवास मोजतच नाही. ती फक्त रस्त्यावरच्या गाडीचा वेग मोजते.

त्या मोजण्यातही पट्टी बदलली की निकाल बदलतो. २०१८ साली याच कंपनीच्या ४०३ शहरांच्या यादीत मुंबई जगात पहिली होती. तेव्हाची पट्टी अशी: मोकळ्या रस्त्यावर जेवढा वेळ लागला असता त्यापेक्षा किती टक्के जास्त लागतो. मुंबईत तो ६५ टक्के जास्त होता. २०२१ मध्ये मुंबई पाचवी आणि पुणे एकविसावे होते. पुढे कंपनीने १० किलोमीटरला लागणारी सरासरी मिनिटे ही नवी पट्टी धरली. २०२३ मध्ये पुणे सातव्या क्रमांकावर चढले, आणि २०२४ मध्ये ते चौथे झाले तेव्हा मुंबई एकोणचाळिसावी होती. या काळात मुंबईत काही मेट्रो मार्ग सुरू झाले, काही पूल उघडले, हे खरे. पण त्यामुळे एखादे शहर चौतीस पायऱ्या उतरत नाही आणि शेजारचे शहर त्याच वेळी सतरा पायऱ्या चढत नाही. बातमी देणाऱ्यांनी पट्टी बदलल्याची नोंद क्वचितच घेतली. एकाच शहराबद्दल दोन उत्तरे देणाऱ्या आकड्यावर हजारो कोटींचे निर्णय बेतले जात असतील, तर आधी आकड्यालाच जाब विचारायला हवा.

या प्रश्नावर सर्वांत डोळे उघडणारे काम अर्थशास्त्रज्ञ जिल ड्युरँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आहे. त्यांनी गुगल मॅप्सच्या आधारे भारतातल्या १५४ शहरांतल्या प्रवासाचे वेग तपासले. निष्कर्ष असा की एक शहर वेगवान आणि दुसरे संथ का, याचे मुख्य कारण कोंडी नाहीच. संथ शहरे बहुतांशी सगळ्याच वेळी संथ असतात. रस्त्यांची रचना, खड्डे, चौक, रस्त्यावर चालणारी नाना प्रकारची कामे यांमुळे तिथे मध्यरात्रीही वेग फारसा वाढत नाही. पुढे त्यांनी जगभरातल्या बाराशेहून अधिक शहरांचा असाच अभ्यास केला. त्यात सर्वांत संथ शहर ढाका निघाले आणि पाचव्या क्रमांकावर होती आपली भिवंडी. मुंबईही पहिल्या विसांत होती. कोंडीच्या टक्केवारीत मात्र भिवंडी कधीच गाजत नाही. गोदामांकडे जाणारे कंटेनर, यंत्रमागांच्या गल्ल्या, अरुंद आणि उखडलेले रस्ते यांमुळे तिथला मोकळा वेगच इतका कमी की गर्दीच्या वेळी त्यात आणखी घट होण्याला जागा राहत नाही. मोकळ्या रस्त्याशी तुलना करणारी पट्टी जो नेहमीच रखडलेला आहे त्याला निरोगी ठरवते, आणि ज्याला कधीतरी सुसाट जायला मिळते त्याची तक्रार मोठी करून दाखवते.

याहून मोठी चूक मोजणीत कोण धरला जातो याची आहे. विरार ते चर्चगेट हे अंतर ६० किलोमीटर. जलद लोकलला साधारण दीड तास लागतो. म्हणजे १० किलोमीटरला सुमारे १५ मिनिटे, पुण्याच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी. निर्देशांकाच्या पट्टीने पाहिले तर हा उत्तम प्रवास ठरेल. प्रत्यक्षात त्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात आणि त्या अवस्थेला रेल्वेच्या भाषेत स्वतंत्र तांत्रिक नाव आहे. २०२३ या एका वर्षात मुंबई उपनगरी रेल्वेवर २,५९० माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी गाडीतून पडून. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रवाशांना ज्या अवस्थेत प्रवास करावा लागतो ती शरमेची बाब असल्याचे सुनावले. पुढच्याच वर्षी ९ जूनला मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडून गेले. यांपैकी काहीच कोंडीच्या कोणत्याही आकड्यात येत नाही. आणि दीड तास हाही पुरा हिशेब नाही. घरापासून स्थानकापर्यंतची शेअर रिक्षा, तिची रांग, पुलावरची चेंगराचेंगर, सोडून द्यावी लागलेली एक गाडी, जागा मिळावी म्हणून उलट्या दिशेने एक-दोन स्थानके जाऊन परत येणे, चर्चगेटला उतरल्यावरची बस. हे सगळे त्या माणसाच्या आयुष्यातून जाते, आकडेवारीतून नाही. पंगत कशी झाली हे वाढप्याच्या चालण्याच्या वेगावरून ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

पायी चालणाऱ्यांची तर मोजदादच नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात सर्व फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक पायी होतात असे दिसले होते. २०११ च्या जनगणनेने शेती आणि घरगुती उद्योगांबाहेर काम करणाऱ्यांना विचारले की कामाचे ठिकाण किती लांब आणि तिथे कशाने जाता. देशभरात मोटारीने जाणारे शंभरात तीनहूनही कमी निघाले. कार्यालयाकडे जाताना चारचाकीत बसलेला माणूस आपल्या शहरांत अल्पसंख्य आहे. पण धोरणाच्या भाषेत ‘वाहतूक’ म्हटले की तोच डोळ्यांसमोर येतो, कारण त्याच्या फोनमधून आणि गाडीतून माहिती आपोआप गोळा होते. पदपथ तुटला म्हणून रस्त्यावर उतरून चालणाऱ्या बाईचा गेलेला वेळ गोळा करणारे कोणतेही यंत्र नाही.

यावर पैशाचा मुलामा चढला की चूक आणखी भारदस्त दिसते. २०१८ मध्ये बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपच्या एका अहवालाने दिल्ली, मुंबई, बंगळुरू आणि कोलकाता या चार शहरांत कोंडीमुळे वर्षाला २२ अब्ज डॉलर बुडतात असे सांगितले. हा अहवाल उबरने करून घेतला होता, हे वाचताना लक्षात ठेवावे. आकडा मोठा आहे, पण तो कशाशी तुलना करून आला? असे बहुतेक हिशेब गर्दीच्या वेळची तुलना बिगरगर्दीच्या वेळेशी करतात. जणू सकाळी साडेनऊला दादरचा रस्ता दुपारसारखा रिकामा असणे ही शहराची स्वाभाविक स्थिती आहे! जो रस्ता सकाळी साडेनऊलाही रिकामा असेल तो गरजेपेक्षा कितीतरी मोठा बांधला गेला आहे आणि त्याखाली दडलेली जमीन, घरे, झाडे हा त्याचा न मोजलेला खर्च आहे. दुसरी गोम वेळेच्या भावात आहे. प्रकल्प अहवालांत वाचलेल्या मिनिटाची किंमत बहुधा प्रवाशाच्या उत्पन्नावरून काढतात. त्या गणितात मोटारवाल्याचे एक मिनिट शिवणकामाच्या कारखान्यात जाणाऱ्या बाईच्या कितीतरी मिनिटांना भारी पडते. पूल फायद्याचा ठरतो आणि बस तोट्याची. गणित चुकलेले नसते, त्यात माणसे वजनाने घातलेली असतात.

कोंडी कमी करणे हे उद्दिष्ट धरले की काय घडते, याचे प्रात्यक्षिक आपण तीस वर्षे पाहत आहोत. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत पंचावन्न उड्डाणपुलांचा कार्यक्रम हाती घेतला गेला. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू आला, २०२४ मध्ये अटल सेतू आणि किनारी रस्ता. पुण्यात विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल बांधून दीड दशकही उलटले नव्हते तोवर मेट्रोसाठी २०२० मध्ये ते पाडावे लागले. प्रत्येक वेळी कोंडी सुटेल असे सांगितले गेले आणि थोडे दिवस ती सुटलीही. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी हे १९६२ मध्येच मांडून ठेवले होते: गर्दीच्या वेळी मोठा रस्ता मोकळा झाला की दुसऱ्या रस्त्यांवरून, दुसऱ्या वेळांतून आणि रेल्वे-बसमधून गाड्या त्यावर येतात आणि तो पुन्हा भरतो. ड्युरँटन आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी लावून दाखवले की महानगरांत रस्त्याची लांबी जेवढ्या टक्क्यांनी वाढते साधारण तेवढ्याच टक्क्यांनी गाड्यांचे धावणेही वाढते. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे २००८ पर्यंत रुंद करून काही ठिकाणी वीसहून अधिक मार्गिकांचा केला. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत त्यावर संध्याकाळच्या प्रवासाचा वेळ निम्म्याहून अधिक वाढला.

येथे एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. नव्या रस्त्यावर वाढीव गाड्या आल्या म्हणजे वाढीव माणसे कुठेतरी पोहोचली. त्यांना जायचे होते, जाता येत नव्हते, आता येते. हा फायदाच नाही का? आहे. रस्ता भरतो म्हणून तो निरुपयोगी, असे म्हणणे चूक आहे. पण मग जाहिरात वेळ वाचण्याची कशाला करायची? किनारी रस्त्यासाठी १३ हजार कोटींहून अधिक खर्च करताना प्रवासाच्या वेळेत ७० टक्के बचत होईल असे महापालिकेने सांगितले होते. त्याऐवजी ‘या रस्त्यामुळे तासाला इतकी जास्त माणसे दक्षिण मुंबईत येतील’ असे सांगितले असते तर लगेच पुढचा प्रश्न आला असता: एवढ्याच पैशांत बसने किती आली असती? तो प्रश्न विचारलाच गेला नाही. ज्या काळात हा रस्ता उभा राहिला त्याच काळात बेस्टचा ताफा आटत गेला. एकेकाळी चार हजारांवर असलेल्या बस २०२५ पर्यंत तीन हजारांच्या खाली आल्या आणि त्यातही स्वतःच्या मालकीच्या थोड्याच उरल्या. थांब्यावर चाळीस मिनिटे उभ्या असलेल्या प्रवाशाची कोंडी कुठल्याच नकाशावर लाल दिसत नाही.

उद्दिष्ट चुकले की यशही अपयशासारखे दिसते, हे लंडनने अनुभवले. १७ फेब्रुवारी २००३ पासून तिथे मध्य लंडनमध्ये मोटार आणायला दिवसाला पाच पौंड आकारणे सुरू झाले. पहिल्या वर्षी कोंडी सुमारे ३० टक्क्यांनी घटली आणि जगभर वाहवा झाली. चार-पाच वर्षांत कोंडीचा आकडा पूर्वपदावर आला आणि टीकाकारांनी योजना फसल्याचे जाहीर केले. पण त्या वेळीही भागात येणाऱ्या गाड्या पूर्वीपेक्षा सुमारे एक पंचमांशाने कमीच होत्या. मोकळी झालेली जागा बसमार्गिकांना दिली होती, पादचाऱ्यांना रस्ता ओलांडायला सिग्नलचा जास्त वेळ दिला होता आणि जुन्या जलवाहिन्या बदलण्यासाठी रस्ते खोदले होते. उरलेल्या मोटारी पूर्वीइतक्याच हळू चालल्या, मात्र तेवढ्याच रस्त्यावरून शहराने अधिक माणसे नेली. टॉमटॉमच्या यादीत लंडन पुण्याशेजारी का बसते याचे निम्मे उत्तर इथे आहे.

आपल्याकडे योग्य तत्त्व कागदावर नाही असे नाही. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहने हलवण्यापेक्षा माणसे हलवण्यावर भर द्यावा, असे स्वच्छ म्हटले. मग केंद्रानेच शहरांसाठी सेवापातळीचे निकष काढले. त्यांत प्रमुख मार्गांवर खासगी वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटर किंवा अधिक असेल तर सर्वोत्तम पातळी, आणि सार्वजनिक वाहनांसाठी तीच पातळी ताशी २० ला. थांबे घ्यावे लागतात म्हणून बस हळू, हे समजण्यासारखे आहे. पण उद्दिष्टातच बसला मोटारीच्या मागे ठेवले तर शहाणा माणूस मोटारच घेईल, आणि मग दोघांचेही वेग बुडतील. पुण्याने नगर रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका केली होती. २०२३ मध्ये तिचा एक भाग उखडला, कारण बाजूला गाड्या तुंबत होत्या. गाड्या मोजल्या तर हा निर्णय बरोबर दिसतो. मार्गिकेतल्या बसमध्ये किती माणसे होती आणि शेजारच्या तुंबलेल्या रांगेत किती, हे मोजून मग निर्णय घेतला असता तर त्यावर निदान वाद तरी नीट झाला असता.

सिंगापूरचे उदाहरण आपल्याकडे फार ऐकवले जाते, बहुधा पथकराच्या संदर्भात. तिथे खरोखर गाड्यांच्या वेगाचे उद्दिष्ट आहे: द्रुतगती मार्गांवर ताशी ४५ ते ६५ आणि मुख्य रस्त्यांवर २० ते ३० किलोमीटर. वेग खाली गेला की रस्त्यावरचा आकार वाढतो, वर गेला की कमी होतो. वेग एका मर्यादेपेक्षा वाढला तर रस्ता वाया जातोय, असे ते मानतात. ही समज आपल्याकडे विरळाच. पण हे उद्दिष्ट तिथे चालते कारण १९९० पासून गाड्यांची संख्याच परवान्याने बांधलेली आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते २०१९ च्या आराखड्यातले वाक्य: २०४० पर्यंत गर्दीच्या वेळी पायी, सायकलने आणि सार्वजनिक वाहनाने होणाऱ्या दहापैकी नऊ प्रवासांना ४५ मिनिटांपेक्षा कमी वेळ लागावा. त्यात वेळ कोणती ते आहे, साधन कोणते ते आहे, किती जणांसाठी ते आहे.

आता हे आपल्या ‘मुंबई इन मिनिट्स’च्या शेजारी ठेवा. सहा हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या महानगर प्रदेशात एका टोकाकडून दुसरीकडे तासाभरात पोहोचता यावे, हे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे घोषित स्वप्न आहे आणि त्यासाठी वर्तुळाकार रस्त्यांचे, बोगद्यांचे, पुलांचे जाळे आखले आहे. हेतूबद्दल शंका नाही. पण हा तास कोणत्या वेळचा? पहाटेचा की सकाळी नऊचा? कशाने? स्वतःच्या मोटारीने पथकर भरून की बस बदलत? दारापासून दारापर्यंत की एका पुलाच्या तोंडापासून दुसऱ्या पुलाच्या तोंडापर्यंत? आणि शंभरातल्या किती जणांसाठी? चारही प्रश्न मोकळे ठेवले की उद्दिष्ट केव्हाही साध्य झाल्याचे जाहीर करता येते. पुरेशा वेगाने मोटार चालवणारा एक माणूस सापडला की झाले.

शिवाय अंतर हा प्रश्न त्यात येतच नाही. याकोव्ह झहावी यांनी सत्तरच्या दशकात आणि चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये मांडले की माणसे सरासरीने दिवसाला साधारण तासभरच प्रवासाला देतात. वेग वाढला तर वाचलेला वेळ घरी घालवण्याऐवजी ती अधिक दूर राहायला जातात. मुंबईने हा नियमही मोडला आहे, कारण इथे माणसे दूर जातात ती वेगाच्या मोहाने नव्हे, घराच्या भावाने. गिरणी कामगारांचे उदाहरण घ्या. गिरणगावात भोंगा झाला की माणूस पायी कामावर जायचा. त्याच कामगारांच्या वारसांना सरकारने शेलू आणि वांगणी इथे घरे देऊ केली; मुख्य मुंबईपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास, नेरळच्या अलीकडे. २०२५ च्या जुलैत आझाद मैदानावर त्याविरुद्ध मोर्चा निघाला. कोंडीच्या भाषेत या स्थलांतराला काहीच नाव नाही. लोकल वेळेवर धावली तर निर्देशांकाच्या दृष्टीने सारे ठीक. अमेरिकेत जो कॉर्टराइट यांनी २०१० मध्ये नेमका हाच दोष दाखवला होता. तिथल्या प्रसिद्ध वार्षिक कोंडी-अहवालात शिकागो वाईट आणि शार्लट बरे ठरत होते. पण शार्लटचे लोक इतके लांब राहत की गाडीत त्यांचा एकूण वेळ शिकागोवाल्यांपेक्षा जास्त जात होता.

यावर वाहतूक खात्यातला अभियंता म्हणेल की घरांचे भाव ही आमची जबाबदारी नाही, आम्ही रस्ता बघतो. हे त्याच्या जागी योग्य आहे, आणि म्हणूनच उद्दिष्ट खात्याचे असू नये, प्रदेशाचे असावे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण रस्ते आणि मेट्रोही बांधते आणि जमिनीचा प्रादेशिक आराखडाही करते. नोकऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात आणि घरे बदलापुरात, हे नियतीने ठरवलेले नाही. प्रवासाचा वेळ हे उद्दिष्ट मानले, तर ठाणे-कल्याण पट्ट्यात कार्यालये नेणे किंवा शहरात भाड्याची घरे बांधणे हेही ‘वाहतूक प्रकल्प’ ठरतील. कोंडी हे उद्दिष्ट मानले तर फक्त पूलच सुचतील.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. रुग्णवाहिका, भाजीचा टेम्पो, दुधाची गाडी, एसटी हीदेखील त्याच कोंडीत अडकतात. मग गाड्यांचा वेग महत्त्वाचा कसा नाही? तो महत्त्वाचा आहेच. पण या गाड्या अडकतात त्या एकेकट्याने बसलेल्या माणसांच्या मोटारींच्या रांगेत. त्या सोडवायच्या तर रस्त्यावर कोणाला आधी जाऊ द्यायचे हे ठरवावे लागते. सगळ्यांचाच सरासरी वेग वाढवण्याच्या नादात हे ठरवणे पुढे ढकलले जाते. मुख्य मार्गांवर बसचा वेग किती, हा एक आकडा दर महिन्याला प्रसिद्ध करा. बस मोकळी धावत असेल तर रुग्णवाहिकाही धावेल.

तिसरा आक्षेप: असा दारापासून दारापर्यंतचा वेळ मोजायचा कसा? मोजता येतो. रेल्वेच्या पासावर कुठून कुठे ते छापलेले असते, बसच्या यंत्रात थांबे असतात, फोनच्या हालचालींची माहिती कंपन्यांकडे आहे आणि हवी तर नाव वगळून मागवता येते. उरते ती घरोघरची नमुना पाहणी, आणि ती एका छोट्या पुलाच्या खर्चात दर दोन वर्षांनी होईल. त्यातून सरासरी काढून मोकळे होऊ नये. सरासरी ही सुखवस्तू माणसाच्या सोयीची असते. पहिल्या नऊ जणांचा वेळ चार मिनिटांनी घटला आणि दहाव्याचा वीस मिनिटांनी वाढला तरी सरासरी सुधारते, आणि तो दहावा बहुधा वांगणीत किंवा नालासोपाऱ्यात राहणारा असतो. म्हणून उद्दिष्ट ठेवायचे ते सर्वांत जास्त वेळ लागणाऱ्या दहा टक्क्यांच्या वेळेचे. त्याबरोबर भरवशाचेही: महिन्यातल्या वाईट दिवशी किती उशीर होतो? रोज सत्तर मिनिटे लागणाऱ्यापेक्षा कधी पन्नास तर कधी शंभर लागणारा अधिक नाडला जातो, कारण लेटमार्क टाळायचा तर त्याला रोजच शंभर मिनिटे हाताशी ठेवून निघावे लागते.

जनगणनेची तयारी सुरू आहे; संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. अमेरिकेच्या जनगणनेत १९८० पासून लोकांना कामावर पोहोचायला किती मिनिटे लागतात हे विचारले गेले. आपण २०११ मध्ये किलोमीटर विचारले, साधन विचारले आणि मिनिटे विचारायची सोडून दिली. जनगणनेत जमत नसेल तर मुंबई आणि पुण्याच्या महानगर प्राधिकरणांनी स्वतः ही पाहणी करावी आणि तिचा निकाल प्रभागवार प्रसिद्ध करावा. आणि वाचकांनी एवढे करावे: पुढच्या पुलाच्या, बोगद्याच्या किंवा वर्तुळाकार रस्त्याच्या भूमिपूजनाला ‘इतकी मिनिटे वाचतील’ असे सांगितले गेले की आपल्या नगरसेवकाला, आमदाराला लेखी विचारावे की ती मिनिटे सकाळी नऊला, बसने जाणाऱ्या किती जणांची वाचणार आहेत.